परमलकसा गेलं!

फोनवर बसून बोलणारा माणूस काकांना आजारी वाटायचा. कोणी खुर्ची पुढे केली की ते आधी खुर्चीकडे बघायचे, मग त्या माणसाकडे. "काहून? मले काय झालं?" असं विचारायचे आणि चालू लागायचे. घरी तारेचा फोन होता तेव्हा बोलता बोलता स्वयंपाकघरापर्यंत जायचं म्हणून त्यांनी तो दोनदा टेबलावरून खाली ओढला होता. तिसऱ्यांदा काकूंनी फोन फळीला सुतळीनं बांधून टाकला. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगतानाही ते माझ्या खोलीत भिंतीपासून दारापर्यंत सहा पावलं जात होते आणि सहा पावलं परत येत होते.

माझी खोली म्हणजे रायपूरच्या एका खाजगी इस्पितळातली टेलिफोन ऑपरेटरची खोली. छत्तीसगड वेगळं होऊन थोडीच वर्षं झाली होती. आपलं शहर आता राजधानी आहे ह्या खुशीत सगळे जण काही ना काही बांधत होते, आणि आमच्या इस्पितळानंही बांधलं. पुढे जुनी दोन मजली इमारत, मागे नवी चार मजली, आणि दोन्हींच्या मध्ये फरशीचं मोठं आंगण. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी माझ्याकडे येई आणि मी तो आत जोडून देई. नोकरीला लागून मला दोन महिने झाले होते. सहा महिने उमेदवारीचे होते.

मोबाइल होते लोकांकडे, पण जुन्या इमारतीच्या जाड भिंतींत त्यांना रेंज मिळत नसे आणि ऑपरेशन थिएटरकडे ते न्यायला बंदी होती. म्हणून डॉक्टरांना आणि नर्सेसना बिनतारी फोन द्यायचं ठरलं, खिशात घेऊन फिरता येतील असे. घरच्या कॉर्डलेस फोनला एकच डबा असतो, त्याच्यापासून लांब गेलं की फोन मुका होतो. इथे तसे अकरा डबे भिंतींवर लागणार होते. त्यांना म्हणायचं बेस. माणूस बोलत बोलत चालत राहील, फोन एका बेसला सोडून पुढच्या बेसला धरेल, आणि बोलणाऱ्याला पत्ता लागणार नाही, असं ते होतं. हे सगळं बसवायला काका आले होते. पंडरी बाजारात एका ठोक कापडवाल्याच्या दुकानावर त्यांच्या कंपनीचं छोटं ऑफिस होतं. माणूस मूळ गोंदियाकडचा, उभा जन्म रेल्वेच्या टेलिफोन खात्यात गेलेला, मुदतीआधीच नोकरी सोडलेला. उंच, सुकलेला, पायात कॅनव्हासचे जोडे, खिशात खडू. आणि हातात एक बांबू.

बांबूच्या टोकाला परकराच्या नाडीनं एक बेस बांधलेला असायचा. भिंतीला भोक पाडायच्या आधी ते बांबू तिथे उभा करायचे, डबा किती लांब ऐकू येतो ते बघायचे, दोन हात सरकवायचे, पुन्हा बघायचे. पहिल्याच आठवड्यात वॉर्डबॉयपासून पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत सगळे त्यांना 'बाँसवाले अंकल' म्हणू लागले. नमस्कार वगैरे ते करत नसत. समोर आलेल्या नर्सच्या फोनवरच्या रेंजच्या खुणेकडे बोट दाखवून विचारत, "किती दांड्या?" तिनं पाच सांगितल्या तर चेहरा फुलायचा. तीन सांगितल्या तर तिच्याच मागे मागे वॉर्डात शिरायचे.

माझी आणि त्यांची ओळख एका परीक्षेनं झाली. ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाप कुठं आहे तुझा?"

"रेल्वेत. गुढियारीकडे, मालधक्क्यावर."

"मंग सांग, दरेकसानंतर?"

"सालेकसा."

"पास!" असं ओरडून त्यांनी माझ्या टेबलावर एक फोन ठेवला आणि दुसरा स्वतः घेऊन निघाले.

रेल्वेवाल्यांच्या घरात रायपूर ते गोंदिया स्टेशनं पोरांना पाढ्यांसारखी येतात. त्यांना तेच हवं होतं. ते फोन कानाला लावून इस्पितळभर चालायचे आणि मोठ्यानं स्टेशनं म्हणत जायचे, सरोना, कुम्हारी, भिलाई, दुर्ग, रसमडा. मी माझ्या जागी बसून ऐकायचं. एखादं स्टेशन अर्धं ऐकू आलं, एखादं गळलं, की लगेच सांगायचं. त्याच जागी ते फरशीवर खडूनं गोल काढायचे. आकडे का नाही मोजत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "एक-दोन-तीन म्हणता म्हणता माणूस झोपते. म्हणणाराबी अन् ऐकणाराबी. स्टेशन गेलं तर जीव खालीवर होते का नाही?"

व्हायचा. खरंच व्हायचा. मी हेडफोन दाबून धरायची, श्वास रोखून, आणि एकदम ओरडायची, "परमलकसा गेलं!" मग दूर कुठूनतरी, फोनमधून नाही तर सरळ जिन्यातून त्यांचा आवाज यायचा, "शाबास!" औषधांच्या दुकानातला माणूस सुद्धा दिवसाकाठी विचारायला लागला, "दीदी, आज कौन सा स्टेशन गया?"

एकदा महिलांच्या वॉर्डात चांगली चाललेली गाडी अचानक दुर्गपासून डोंगरगडपर्यंत गायब झाली. कालपर्यंत तिथे एक अक्षर गळत नव्हतं. ते वॉर्डात उभे राहून गोल गोल फिरले आणि भिंतीजवळच्या एका लोखंडी कपाटासमोर थांबले. "हे कोणी आणलं?" मेट्रनबाई म्हणाल्या की चादरींसाठी मीच आणवलंय. त्यानंतर जे भांडण झालं ते मी फोनवरून पूर्ण ऐकलं, कारण त्यांच्या हातातला फोन चालूच होता. मेट्रनबाई म्हणत होत्या की कपाट मेलं निर्जीव आहे, ते काय करणार? ते म्हणत होते, "तुमचं कपाट दोन खोल्यांचा आवाज खाऊन राहिलं, बाई!" शेवटी कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं. मी ऐकत होते, रसमडा आलं, परमलकसा आलं, राजनांदगाव आलं, आणि मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

झाडूवाल्या मावशी रोज त्यांचे खडूचे गोल पुसायच्या. ते रोज पुन्हा काढायचे. आठ दिवस हे युद्ध चाललं. नवव्या दिवशी मी पाहिलं, मावशी गोलाच्या कडेकडेनं पोछा फिरवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "बुढ़वा रो देही." पुसलं तर म्हातारा रडेल म्हणे.

फोन चालताना डबा कसा बदलतो, हे त्यांनी मला चहाच्या वेळी सांगितलं. चहासुद्धा उभ्यानंच. "तुझ्या बापाच्या रेल्वेत काय होते? पुढच्या स्टेशननं लाइन क्लियर दिल्याशिवाय मागचं स्टेशन गाडी सोडते का? नाही. हेबी तसंच आहे. हातातला फोन चालता चालता आजूबाजूच्या साऱ्या बेसांचं ऐकत असते. पुढचा जोरात ऐकू आला का त्याले हळूच म्हणते, जागा दे. त्यानं जागा दिली, आवाज तिकडून सुरू झाला, का मंगच मागच्याले सोडते. आधी धरते, मंग सोडते. अन् ठरवते कोण? भिंतीवरचा डबा नाही. सारे फोन जोडणारं मशीनबी नाही. हातातला फोन ठरवते, एवढासा फोन!" असं म्हणताना त्यांचे डोळे असे चमकायचे की जणू तो फोन त्यांचा नातू होता आणि वर्गात पहिला आला होता.

पुढे म्हणाले, "खिशात गप्प पडलेल्या फोनानं डबा बदलला, त्याले रोमिंग म्हणते. त्यात काय मर्दुमकी? बोलता बोलता बदलला पाहिजे, अन् बोलणाऱ्याले समजलं नाही पाहिजे. समजलं म्हणजे आपण हरलो."

आंगणात आम्ही हरत होतो.

जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला एक्स-रेची खोली होती. तिच्या भिंतीत शिशाचा पत्रा. आंगणात लोखंडी पाण्याची टाकी, उंच चौथऱ्यावर. ह्या दोघांच्या मध्ये आठ-दहा पावलांचा असा तुकडा होता की जुन्या इमारतीचा बेस ऐकू येणं बंद व्हायचं आणि नव्या इमारतीचा अजून ऐकू यायला लागलेला नसायचा. बोलत बोलत तिथे पाऊल टाकलं की फोन तुटलाच. तिथे एक बेस टाकीवरच लावायला हवा होता. तो बाहेरून मागवला होता आणि येत नव्हता. तोवर त्यांनी एक रिपीटर आणला होता. त्याला तार लागत नाही, नुसती वीज लागते, एका बेसचं ऐकून तेच पुढे जोरात सांगतो तो. पण जिथे रिपीटरला स्वतःला नीट ऐकू येई, तिथून डॉक्टरांच्या वाटेवर त्याचा आवाज पोचेना, आणि वाटेवर पोचे तिथे त्याला ऐकू येईना. ते स्कूटरची बॅटरी झोळीत घालून, झोळी खांद्याला अडकवून, बांबूवर रिपीटर बांधून दिवसभर आंगणात उन्हात फिरत असायचे.

आणि शिव्या मला पडायच्या. फोन तुटला की लोकांना वाटायचं, ऑपरेटरनं कापला. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम, ज्यांचं इस्पितळ होतं त्या, वाटेत कधी थांबत नसत. ह्या इमारतीत तपासणी, त्या इमारतीत ऑपरेशन, आणि मधलं आंगण त्या फोनवर बोलतच ओलांडत. म्हणजे त्यांचाच फोन सगळ्यात जास्त तुटायचा. सोमवारी त्या माझ्या दारात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुला बटणं कळत नसतील तर स्पष्ट सांग. मी दुसरी मुलगी बघते."

काका तिथेच होते. म्हणाले, "पोट्टीची चूक नाही, मॅडम. तिथं हवेतच खड्डा आहे."

"मग तो बुजवा. शनिवारपर्यंत. नाहीतर तुमचे डबे काढून घेऊन जा." आणि त्या गेल्या. संध्याकाळी घरी गेले. बाबा विचारत होते, मी जेवले आणि झोपून गेले.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास एक फोन आला. लाइन इतकी खराब की आधी नुसती खरखर. मग एका बाईचा घाबरलेला आवाज. दूर जंगलाकडच्या एका लहान आरोग्य केंद्रातली नर्स होती. तिच्याकडे बाळंतीण होती, बाळ झालं होतं, पण रक्त थांबत नव्हतं. केंद्रातले डॉक्टर बाहेरगावी. गाडी बोलावली होती, ती यायला वेळ होता. कितीतरी वेळ फिरवल्यावर आमचा नंबर लागला होता. मी मॅडमना जोडून दिला. त्या जुन्या इमारतीत तपासणीत होत्या. एका वाक्यात त्यांना सगळं कळलं.

"ऑपरेटर, तू लाइनवरच रहा," त्या मला म्हणाल्या आणि मग नर्सला, "पोटावर हात ठेव. बेंबीच्या खाली. गर्भाशय नरम लागतंय? मग चोळ. गोल गोल, जोर लावून. तिला दुखलं तरी थांबू नको. हिंदी में बोलूँ? गोल गोल मलो, रुकना नहीं."

"हव मैडम. हव."

तेवढ्यात नव्या इमारतीतून थिएटरचा माणूस धावत आला, असं मला फोनमधूनच ऐकू आलं. पेशंटला भूल दिली होती, मॅडमची वाट बघत होते. आणि मग मॅडमच्या चपलांचा आवाज. फट फट फट. त्या निघाल्या होत्या. बोलत बोलत, नेहमीसारख्या. जिना, मग मागचं दार, मग आंगण.

मी त्यांना थांबवायला हवं होतं का? मी तोंड उघडलं होतं. पण एकीकडे भूल दिलेला पेशंट, दुसरीकडे ही बाई; कुणाला थांब म्हणणार? माझ्या खोलीची खिडकी आंगणात उघडते. मी एका हातानं हेडफोन धरला, दुसऱ्यानं खिडकी ढकलली. ते तिथेच होते, टाकीच्या सावलीत, बांबू खांद्यावर.

"काका! मॅडम येऊन राहिल्या! लाइनवर आहेत! तिकडे बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही तिचं!"

ते शिडीकडे पळाले. टाकीच्या लोखंडी शिडीवर एक पाय, दुसरा पाय, चार पायऱ्या वर. झोळी एका खांद्यावर, एक हात शिडीला, एका हातात बांबू आकाशात. आणि तोंड माझ्या खिडकीकडे. त्यांना तर काही ऐकू येत नव्हतं. ऐकू मला येत होतं.

मागचं दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. चार पावलं, पाच पावलं, आणि आवाज फाटायला लागला. "इंजेक्... दिया... पेशा..." मी हात वर केला. बांबू वर गेला. आणखी फाटला. मी हात उजवीकडे हलवला. ते शिडीवरून बाहेर झुकले आणि बांबू उजवीकडे आला. खरखर. खरखर. अजून थोडं, मी बोटांनी सांगत होते, अजून, अजून. एक बारीकसा टक् झाला आणि मॅडमचा आवाज माझ्या कानात असा स्वच्छ आला की जणू त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या.

मी हाताची मूठ केली. तिथेच! ते दगडासारखे थांबले.

मॅडम नेमक्या त्याच वेळी टाकीखालून जात होत्या. त्यांनी वर पाहिलं. "अहो काका, खाली उतरा आधी! कुणाच्या डोक्यात पडेल तो बांबू!" आणि लगेच फोनमध्ये, "तुमको नहीं बोला. तुम मलते रहो. इंजेक्शन दे दिया? अच्छा. अब कैसा लग रहा है?"

माझी मूठ हवेतच. मग त्या नर्सचा आवाज, रडका आणि हसरा एकदम, "कड़ा लागत हे, मैडम! खून कम होवत हे!"

मॅडम नव्या इमारतीच्या दारातून आत गेल्या. तिथला बेस पाच दांड्यांचा. फोन तुटला नाही. मी मूठ खाली केली तेव्हा कुठे त्यांनी बांबू खाली घेतला. मी खिडकीतून ओरडले की कमी होतंय, रक्त कमी होतंय, आणि ते शिडीवरच उभे राहून दोन्ही हात वर करून नाचले. नाचले म्हणजे खरोखर. चौथ्या पायरीवर.

दुपारी नर्सचा पुन्हा फोन आला. गाडी आली होती, बाई मोठ्या इस्पितळात पोचली होती, बाळ-बाळंतीण दोघं ठीक. मी तो निरोप मॅडमना दिला आणि त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर काम पूर्ण झाल्याचा कागद होता.

"आज मी अख्खं आंगण बोलत ओलांडलं आणि फोन तुटला नाही," मॅडम म्हणाल्या. त्या खुश होत्या, पेन उघडून बसल्या होत्या. "झालं ना काम? कुठे करायची सही?"

मी काकांकडे पाहिलं. शनिवारचं संकट टळलं होतं. ह्या एका सहीनं त्यांचे डबे राहणार होते.

"काम झालं नाही, मॅडम," ते म्हणाले.

"म्हणजे? मी स्वतः चालले!"

"तुम्ही चालल्या, पण आज बांबूनं झालं. मी वर चढलो होतो अन् ही पोट्टी खिडकीतून ऐकून मले सांगत होती, म्हणून. उद्या मी नसीन, तर फोन तुटन. अन् मंग तुम्ही हिलेच बोलसान. सही आज नका करू. टाकीवर बेस लागू द्या. मंग चाला. मंग करा."

मॅडमनी पेन बंद केलं. तेवढ्यात त्यांची नजर काकांच्या बाहीवर गेली. शर्टाला चाळणीसारखी भोकं पडली होती आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात लालभडक. झोळी तिरपी होऊन बॅटरीतलं तेजाबाचं पाणी सगळं हातावर आलं होतं.

"हे तेव्हापासून तसंच आहे?"

"धुतलं थोडंसं. बरं आहे."

त्या उठल्या. त्यांना मनगट धरून बेसिनपाशी नेलं आणि नळ मोठा सोडून त्यांचा हात त्याच्याखाली धरून ठेवला. पाव तास तरी. मी त्यांना एका जागी इतका वेळ स्थिर उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि पाव तास हक्काचा ऐकणारा मिळाल्यावर ते गप्प कसे बसतील? लाइन क्लियर, आधी धरणं, मग सोडणं, शिशाचा पत्रा, टाकी, सगळं सांगितलं. कोणाला पाच मिनिटं न देणाऱ्या मॅडम नळाशी उभ्या राहून "मग?" म्हणत होत्या. हाताला मलम लावता लावता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "सोमवारी तुला सगळ्यांसमोर बोलले मी. चुकलं माझं."

शनिवारचं मॅडमनी पुन्हा नाव काढलं नाही. पुढच्या आठवड्यात बेस आला. टाकीपर्यंत वीज न्यायचं मॅडमनी स्वतः उभं राहून करवून घेतलं. बेस लागला त्या दिवशी त्यांनी फोन कानाला लावून आंगणाच्या तीन फेऱ्या मारल्या, मग चौथी उगीचच, आणि मग सही केली.

काका त्याच दिवशी सामान बांधून माझ्या दारात आले. नव्या रायपुरात मोठाली ऑफिसं होत होती, तिथली कामं त्यांना मिळाली होती. म्हणाले, "काय करून राहिली इथं बसून? असा कान मले तीस वर्षांत रेल्वेत नाही भेटला. शिडी चढता येते का?"

"नाही."

"येईल. सोमवारपासून ये."

मी घरी सांगितलं तेव्हा आई हसायला लागली, तिला वाटलं थट्टा आहे. बाबा म्हणाले, "बसायची नोकरी सोडून भिंतीवर डबे टांगत फिरशील? लोक काय म्हणतील?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना ते दारात थांबले. "जोडे घेऊन घे चांगले. चपला घालून शिडी चढू नको," म्हणाले आणि सायकल काढून गेले.

मी राजीनामा घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"अगं, पण मग इथे फोनवर कोण बसेल?"

"कोणालाही बसवा, मॅडम," मी म्हटलं, आणि म्हणताना मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. "आता तो तुटत नाही."